तुम्ही विचारलंत म्हणून: विकतचं बी रुजत का नाही?

"पाकीट आणतो, सांगितल्यासारखं पेरतो, न चुकता पाणी घालतो, आणि कुंडीत उगवतं ते फक्त गवत. तुमचे ट्रे मात्र रोपांनी भरलेले. मातीत घालता तरी काय एवढं?" कुंपणाशी गप्पा मारायला थांबलेलं माणूस हे विचारल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. एकदा सगळं नीट लिहूनच काढावं म्हटलं.

मातीत काही नाही हो. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, चाळलेलं गांडूळखत आणि ओढ्याची जाड वाळू, बस्स. शेणखत तर मी बी पेरताना घालतच नाही, कच्चं निघालं तर कोवळी मुळी जळते. फरक आहे तो बियांच्या वयात. माझं बी झाडावरून उतरतं आणि त्याच आठवड्यात मातीत जातं. तुमचं कुठल्या गोदामात किती उन्हाळे-पावसाळे काढून आलंय ते त्या बीलाच ठाऊक.

बी जिवंत असतं, श्वास घेत असतं, आणि दमट हवेत त्याचा शिधा लवकर संपतो. बियाणेवाल्यांचा एक ठोकताळा आहे: बियांतला ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. हाच हिशोब उलटा मांडून बघा. आमच्या रत्नागिरीत जून ते सप्टेंबर पापडसुद्धा डब्यात सादळतात, तिथे दुकानाच्या दारात टांगलेल्या कागदी पाकिटाचं काय होत असेल? पाकीट घ्यायचंच असेल तर त्यावरचा फुलाचा फोटो बघू नका, मागची चाचणीची तारीख बघा.

आता ताजं बी म्हणजे काय, ते अबोलीवरून सांगते, कारण अबोलीबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. अबोलीच्या कणसाला खालून वर फुलं येत जातात. फुलं गळली की हिरव्या पात्यांच्या आड जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचं बोंड धरतं. ते तपकिरी होऊन वाळलं तरी कोरडं असेपर्यंत गप्प बसतं. पावसाचा थेंब पडला की मात्र टचकन फुटून बिया लांब उडवतं. आत जास्तीत जास्त चार बिया असतात, आणि प्रत्येकीखाली एक टणक आकडा असतो, बीला फेकणारा. पावसाळ्यात वाटेच्या कडेला जांभळ्या फुलांचं एक झुडूप असतं बघा, त्याच्या वाळक्या शेंगा तोंडात ओल्या करून फोडायचा खेळ शाळेत जाता-येता आपण सगळेच खेळलोय. ते अबोलीच्याच कुळातलं.

म्हणून अबोलीचं बी 'नंतर गोळा करू' म्हणून मिळत नाही. पाऊस गेला की बी गेलं. मी वाळलेली कणसं पाऊस येण्याआधी, कोरड्या दुपारी कापते, खोलगट भांड्यात ठेवून वर पाण्याचा हात झटकते आणि ताट झाकते. मग आत टकटक सुरू होते, मुलं असली घरात की त्यांना दुसरं काही नको. आवाज थांबला की ताट उघडायचं. चपट्या, खवलेदार, तपकिरी बिया भांड्याच्या कडांना चिकटलेल्या असतात. त्या वाळवत बसू नका, तशाच ओल्या मातीवर पसरा आणि वर नखभर कोकोपीट टाका. दोन-तीन आठवड्यांनी जोडीजोडीने दलं वर येतात. काही बिया महिन्यानेही उठतात, तेव्हा ट्रे ओतून टाकायची घाई नको.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. गडद केशरी, मोठ्या पाकळ्यांची 'दिल्ली अबोली' असेल, तर बोंडांची वाट बघू नका. ती त्रिगुणित जात आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून तिला बी धरत नाही. फांदीच लावावी लागते.

दुसरा नंबर अडेनियमचा. हे मूळचं आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं झाड, आपल्या कण्हेरीच्या आणि सदाफुलीच्या कुळातलं. लोक त्याच्या फुलांवर जातात, मी फुगलेल्या बुंध्यावर. आणि तसा बुंधा हवा तर बीच पेरायला हवं, फांदीवरून केलेल्या रोपाला तो सहसा तसा धरत नाही. शेंगा बैलाच्या शिंगांसारख्या जोडीने येतात आणि पिकायला दोन-तीन महिने घेतात. हिरव्याच्या करड्या व्हायला लागल्या की मी दोन-तीन ठिकाणी सुती दोरा गुंडाळते. शेंग उकलते तेवढी उकलू दे, पण पूर्ण उघडता कामा नये. दोरा बांधायचा राहून गेला की दुपारच्या वाऱ्यावर सगळं बी शेजाऱ्यांच्या कौलांवर. कारण या बीच्या दोन्ही टोकांना रेशमी झुपका असतो, मधे काडीसारखं बारीक बी. झुपके चिमटीने काढायचे, बी आडवं ठेवायचं, वर मातीचा पातळसा थर द्यायचा. फेब्रुवारी ते मे या गरम दिवसांत ताजं बी आठवड्याच्या आत वर येतं. तेच बी सहा-आठ महिने पडून राहिलं की निम्म्याहून कमी उठतं आणि उठलेलंही मलूल. पावसाळ्यात पेरू नका, कुजतं. आणि शेंगा हाताळल्यावर साबणाने हात धुवा. चीक विषारी असतो, आफ्रिकेत शिकारी बाणांना लावायचे तो.

सगळ्याच फुलांचं असं नाही. गोकर्णाचं बी कवचाने इतकं टणक की डब्याच्या तळाशी विसरलं तरी वर्षांनी उठतं. त्याला ताजेपणा नको, पॉलिशपेपरवर एकदा घासून रात्रभर पाण्यात ठेवा म्हणजे झालं. तेरड्याची पिकली शेंग बोट लागताच वळून फुटते, आणि सांडलेलं बी उन्हाळाभर मातीत कोरडं पडून पुढच्या पावसात आपलं आपण येतं. गौरींसाठी आमच्या परसात तेरडा कोणी मुद्दाम पेरल्याचं मला आठवत नाही.

पेरण्याच्या खोलीबद्दल फार विचारता, पण त्याला एकच माप नाही. सदाफुलीला रुजायला अंधार लागतो, तिला मातीने झाकाच. पिटुनियाला उजेड लागतो. तिचं बी इतकं बारीक की १ ग्रॅममध्ये १०,००० च्या आसपास मावतं, ते कोरड्या वाळूत मिसळून वरच्यावर भुरभुरायचं आणि झाकायचं नाही.

आणि हो, ताजं बी छान उगवतं, पण त्यानंतर ते मारायचं काम आपण करतो, पाण्याने. रोप जमिनीलगत काळं पडून आडवं झालं की लोक म्हणतात ऊन लागलं. ऊन नाही, बुरशी. रोपं कोलमडतात ती दाट पेरणीने, सतत ओल्या मातीने आणि कोंदट जागेने. वरून झारी धरू नका, ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, माती खालून ओल ओढेल, मग उचला.

बी ठेवायची वेळ माझ्यावरही येते, सगळं थोडंच पेरून होतं! सावलीत वाळवलेलं बी कागदाच्या पुडीत, पुडी काचेच्या बरणीत, बरणीच्या तळाशी कढईत कोरडे भाजून गार केलेले तांदूळ. ते ओल शोषतात. आमची आजी राख घालायची, तीही चांगली. बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही. पुडीवर नावाबरोबर महिना लिहाच.

शेवटचा प्रश्न नेहमी रंगाचा असतो: "तुमच्या त्या लालबुंद अडेनियमचं बी द्या ना, आम्हालाही तसंच हवं." देईन की, आनंदाने देईन, पण तसंच येणार नाही. शेंग धरली ती कुठल्या फुलाच्या परागावर, ते मला माहीत नसतं, आणि ही झाडं मुळात संकरित. लालचं गुलाबी होईल, फिकट होईल, पाकळ्या अरुंद येतील. विकतच्या मोठ्या संकरित झेंडूचं बी धरलंत तर तेच, पुढच्या पिढीत फुलं लहानमोठी निघतात. ज्यांना ठरलेलाच रंग हवा त्यांनी नर्सरीतून कलम आणावं, त्यात कमीपणा काही नाही. बाकीच्यांनी मार्चमध्ये पुडी घेऊन जावी. चांगलं ऊन मिळालं तर वर्ष-दीड वर्षात पहिली कळी येईल, आणि काय रंग निघाला ते मलाही कळवा.