लेकाची पाठ दुखत होती

भांडुपच्या आमच्या घरात सकाळ सुरू व्हायची ती लेकाची लघवी तपासून. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडातून लघवीत प्रथिनं गळण्याचा आजार. पट्टी हिरवी झाली की प्रथिनं जातायत, म्हणजे पुन्हा स्टेरॉइड. चार वर्षांत पाच वेळा. त्यामुळे नवव्या वर्षी तो ‘पाठ दुखते’ म्हणायला लागला तेव्हा मी दप्तराला दोष दिला. जवळच्या डॉक्टरांनी मलम दिलं. त्यात दीड महिना गेला, तो मला आजही सलतो.

परळच्या डॉक्टर बाईंनी त्याला पालथं झोपवून मणक्यांवर बोटाने हळूहळू ठोकलं. एका जागी तो कळवळला. लगेच बाजूने एक्स-रे. बाकीचे मणके चौकोनी, दोन मात्र पुढून चेपून पाचरीसारखे झालेले. पोर कुठे पडलंही नव्हतं!

“आई, स्टेरॉइडमुळे नवं हाड बनायचं मंदावतं. काही न लागता मुलाचा मणका असा चेपला, तर तेवढ्यावरूनच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत.”

मी हट्ट धरला, स्टेरॉइड बंदच करा. ते एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं, हे तेव्हा कळलं. दुसरं औषध जोडून डोस हळूहळू उतरवला.

डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टने मात्र माझी झोप उडवली. टी-स्कोअर उणे ३.९! बाईंनी तो बाजूलाच ठेवला. टी-स्कोअर तरुण, पूर्ण वाढलेल्या हाडांशी तुलना करतो. मुलांचा झेड-स्कोअर बघायचा, त्याच वयाच्या मुलांशी. शिवाय स्टेरॉइडने उंची खुंटलेली, तिचाही हिशोब धरायचा. नव्या रिपोर्टमध्ये उणे २.४ आलं. कमीच, पण खरं. मुलाचा रिपोर्ट हातात आला की आधी हे अक्षर बघा.

सासूबाईंचं नाचणीचं सत्त्व चालूच राहिलं, पण चेपलेल्या मणक्यांना तेवढं पुरत नाही. आधी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढली, दात तपासले, मग हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाइन. रात्री १०२ ताप, अंग मोडून आलेलं. पहिल्या वेळी असं होतं हे आधीच सांगितलं होतं, म्हणून पॅरासिटामॉल देऊन उशाशी बसून राहिले. रक्तातलं कॅल्शियम उतरू शकतं, म्हणून दोन दिवसांनी तपासणी.

वर्षभराने नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला. वाढ बाकी असली की चेपलेला मणका पुन्हा आकार धरू शकतो म्हणे. खालच्या मणक्याची पुढची कड वर आलेली मलाही दिसली. वरचा अजून तसाच आहे. पुढचं सलाइन दिवाळीनंतर.