कुणाचा हा दिवा?

जपानच्या क्यूशू बेटाला लागून यात्सुशिरो नावाचा उथळ समुद्र आहे. त्याचं दुसरं नाव शिरानुई, म्हणजे ‘ठाऊक नसलेली आग’. केइको सम्राटाची नाव अंधारात वाट चुकली आणि दूरच्या एका उजेडाच्या रोखाने किनाऱ्याला लागली. ‘कुणाचा हा दिवा?’ म्हणून चौकशी केली, तर कुणालाच सांगता येईना. ही कथा ७२० सालच्या ‘निहोन शोकी’ या जपानी इतिहासग्रंथात आहे. कळत नाही तर तेच नाव ठेवून मोकळे झाले, हे झकासच.

शिरानुई हेच त्या दिव्यांचंही नाव, आणि हे भूत वक्तशीर. जुन्या पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या प्रतिपदेला येणार. बहुतेक वर्षी आपला पोळा नुकताच उलटलेला असतो. अमावास्येचं उधाण, त्यामुळे ओहोटीही मोठी. पहाटे तीनला पाणी सगळ्यात खाली जातं. त्याच्या आगेमागे दोन तास हीच वेळ. वाळूत उभं राहून काही दिसत नाही, पाण्यापासून दहाएक मीटर उंच जावं लागतं. आधी खोल समुद्रात एखाददुसरा दिवा लागतो. त्याला ‘ओयाबी’ म्हणतात, सगळ्या दिव्यांची आई. मग तो डावी-उजवीकडे फुटत जातो आणि शेकडो दिव्यांची चार ते आठ किलोमीटर लांब ओळ लागते. होडी घेऊन जवळ जावं, तर ओळ तेवढीच मागे सरकते.

करामत हवेची. ओहोटीने उघडा पडलेला चिखल आणि शेजारचं पाणी यांवरची हवा सारखी तापत-निवत नाही. गार-ऊन हवेच्या या गठ्ठ्यांतून येताना मासेमारीच्या होडीवरच्या कंदिलाचा उजेड वाकतो, आडवा फुटतो आणि एकाचे अनेक होतात. गंमत अशी, की हे ड्रॅगनदेवाचे दिवे मानून लगतच्या गावांत त्या दिवशी होड्या घालायला बंदी असे. ती सगळ्यांनी पाळली असती, तर देवाचे दिवे लागलेच नसते!

आता भराव घालून चिखलाची मैदानं आटली, किनाऱ्यावर विजेचा झगझगाट आला. शिरानुई दिसेनासा झाला.

डोंगराकडच्या दिव्यांच्या ओळीला मात्र जपानी माणूस ‘कोल्ह्याची वरात’ म्हणतो. उन्हात पाऊस आला तरी नाव तेच, आणि तिथे आपलंही कोल्ह्याचं लग्न लागतं. त्याला ना अमावास्या लागते, ना ओहोटी.