पाणी कितव्या पायरीला आहे

परवा रात्री मोबाईल चाळता चाळता तो फोटो परत दिसला. अ‍ॅमस्टरडॅमचं म्युझियम, भिंतीवर रेम्ब्रांटचं चित्र आणि समोर स्ट्रेचरवर एक म्हातारी बाई. २०१५ साली खूप फिरला होता.

नेदरलँड्समध्ये एक संस्था आहे, तिनंच या बाईला तिथं आणलं होतं. शेवटच्या दिवसांतल्या पेशंटना घरून, हॉस्पिटलमधून, नर्सिंग होममधून कुठूनही उचलतात आणि अँब्युलन्सनं त्यांना जिथं जायचंय तिथं नेतात, एक पैसा न घेता. (नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं डॉक्टर नवराबायकोचं दहा खाटांचं नाही, तिकडे आजारी म्हातारी माणसं राहतात ते.)

सुरुवात मात्र भारीय. केस फेल्टबूर म्हणून रॉटरडॅमकडचा एक अँब्युलन्स ड्रायव्हर होता. २००६ मध्ये एका पेशंटला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायचं होतं, तिकडची तयारी झाली नव्हती, मग नुसतं ताटकळत कशाला बसायचं म्हणून यानं विचारलं, कुठं जायचंय का? तो माणूस जन्मभर बोटीवर काम केलेला, म्हणाला बंदर बघायचंय. नेला की सरळ धक्क्यावर! आणि नंतर सुट्टीच्या दिवशी अँब्युलन्स मागून घेऊन त्याला चक्क बोटीतून फिरवून आणला. पुढच्याच वर्षी बायकोला बरोबर घेऊन संस्था काढली. प्राणीसंग्रहालयात काम केलेल्या एका माणसाला असंच त्याच्या जिराफांकडे नेलेलं, तर जिराफानं वाकून त्याचं तोंड चाटलं, तो फोटो बघून मी ऑफिसात रडले होते. फेल्टबूर २०२१ मध्ये गेले.

मला आमची आत्या आठवते. पुण्याच्या हॉस्पिटलात होती, कॅन्सर, डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलेलं. तिचं एकच, वाईला घाटावर ने, ढोल्या गणपतीसमोर पायरीवर पाय पाण्यात सोडून बसायचंय. वाई काय लांब आहे का, दोन-अडीच तास. पण आम्ही सगळे "बरी झालीस की जाऊ गं" म्हणत राहिलो, ते खोटं आहे हे तिलाही माहिती आणि आम्हालाही. ऑक्सिजनचं काय, खंबाटकीत ट्रॅफिक लागला तर, वाटेत काही झालं तर. अरे काही झालं तर म्हणजे काय होणार होतं अजून? डॉक्टरांना विचारायचं तरी होतं, तेही कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. आणि मी तर रोज तिथं डबा घेऊन जायचे.

शेवटी माझा भाऊ एका रविवारी बाईकवर वाईला गेला आणि बिसलेरीच्या बाटलीत कृष्णेचं पाणी भरून घेऊन आला. सिस्टरनी ट्रे दिला, आम्ही तिचे पाय त्यात ठेवून हळूहळू ओतलं. आत्या खूष. मग म्हणाली, "पाणी कितव्या पायरीला आहे रे सध्या?"

तो पुलाच्या अलीकडेच कुठंतरी उतरून बाटली भरून निघाला होता. पायऱ्या बघितल्याच नव्हत्या त्यानं.