पाणी पडायलंय का? : आमची वाटचाल

सोलापुरात धबधबे दाखवायचा धंदा काढतोय म्हटल्यावर मेव्हण्यानं आधी मला माठातलं पाणी दिलं आणि मग विचारलं, "दाजी, ऊन लागलंय का?" त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मन लावून पडला तर. आणि खरा पाऊस येतो सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर.

त्याआधी अकरा वर्षं मी सतरा सीटर गाडी चालवत होतो. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर. गाडी स्वतःची, हप्ता बँकेचा. देवदर्शनाच्या ट्रिपा बाराही महिने चालतात, त्यामुळे पोटापाण्याची ददात नव्हती. पण मागच्या सीटवरची पोरं बघवत नसत. पहाटे चारला झोपेतून उचललेली, रांगेत उभी केलेली, परत गाडीत कोंबलेली. दिवसभरात त्यांचे पाय मातीला लागायचेच नाहीत.

2016 च्या पावसाळ्याअखेर अक्कलकोटहून तुळजापूरला चाललो होतो. वाटेत नळदुर्ग. त्या वर्षी बोरी नदी भरून वाहत होती आणि किल्ल्यातला नर-मादी धबधबा कोसळत होता. पंधरा मिनिटं म्हणून गाडी थांबवली, ती अडीच तास हलली नाही. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 मध्ये, नदीवर भिंत घालून तिच्या पोटात पाणीमहाल बांधला. भिंतीवरून दोन ठिकाणी पाणी खाली पडतं, एक नर, एक मादी. आत सज्जात उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा आणि आपण कोरडे. पोरं तिथून निघेनात. मी घड्याळ दाखवायला लागलो, तर त्यांची आजी म्हणाली, "देवी कुठं पळून जात नाही बाबा. पाणी जाईल."

तुळजापूरला रात्री पोचलो. कुणी कुरकुर केली नाही. तेव्हाच डोक्यात किडा शिरला.

2017 च्या पावसाळ्यात मी आणि माझ्या बायकोनं पोराबाळांसकट पायी फिरायच्या सहली सुरू केल्या. ऑफिस म्हणजे आमचा दिवाणखाना, जाहिरात म्हणजे सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो. वाटा ठरवायला मोजपट्टी एकच, आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. ती जिथं "पप्पा, उचला" म्हणेल तिथं वाट संपली. असं करत करत कळलं की सहा वर्षांचं पोर तीन-साडेतीन किलोमीटर आनंदात चालतं, मात्र सरळ रेषेत कधीच नाही. म्हणून आमच्या कुठल्याही सहलीत एका दमात चालणं तीन किलोमीटरच्या वर नसतं, आणि त्याला आम्ही दोन-अडीच तास देतो. ट्रेकवाली मंडळी हसतात. हसू देत.

पहिलं वर्ष झकास गेलं. 2018 ला पावसानं दगा दिला. नळदुर्गची सप्टेंबरातली चार रविवारांची बुकिंगं घेऊन बसलो होतो आणि बोरीत वाहतं पाणीच नव्हतं. पाणीमहालाच्या भिंतीवरून पाण्याऐवजी पारवे उडत होते. लोकांचे पैसे परत केले, गाडीचा हप्ता थकला. त्यात बाहेरगावच्या एका एजंटानं आमच्याच नावावर भरल्या धबधब्याचा जुना फोटो फिरवून माणसं पाठवली. ती माणसं माझ्यावर ओरडली आणि मी मुकाट ऐकून घेतलं. बायको त्या रात्री म्हणाली, "जे आपल्याकडं नाही ते विकायला निघालोय आपण. आहे ते बघा की."

आहे ते म्हणजे माळ. बार्शी रोडला वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य, 1979 चं. नाव माळढोकाचं असलं तरी माळढोक आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल, आणि हे मी बुकिंग घेतानाच सांगतो. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी आणि त्यांचे नियम. आमचं चालणं बहुतेक त्याच्या बाहेरच्या गावांच्या पाणंदीतून आणि गायरानातून असतं. काळविटांचा कळप मात्र सहसा निराश करत नाही. नर काळा-पांढरा, पिळाची शिंगं मिरवणारा, माद्या तांबूस. लांडगा दिसला तर नशीब. मेंढरं राखणाऱ्या धनगरांना तो दिसतोच, पण त्यांना त्याचं कौतुक नसतं.

ऑक्टोबरात माळ मोठ्या माणसाच्या मांडीएवढा वाढतो. मारवेल, पवन्या ही गवतं आणि आपलं कुसळ. कुसळानं आमचे मोजे, चादरी आणि दोन गिऱ्हाइकं खाल्ली. लोक वैतागायचे. मग एका मेंढपाळ आजोबांनी पोरांना गंमत दाखवली. पिकलेलं एक कुसळ तळहातावर घेतलं, त्यावर बोटानं पाण्याचा थेंब सोडला. काळं शेपूट हळूहळू पिळा सोडायला लागलं आणि सगळं कुसळ हातावर आपोआप गरगर फिरलं. ओल मिळाली की फिरतं आणि बी जमिनीत स्क्रूसारखं शिरतं. पोरं किंचाळलीच. आता आम्ही पाण्याची एक बाटली फक्त कुसळांसाठी नेतो. आणि तक्रार? ज्याच्या मोज्यात जास्त कुसळं, त्याला शेंगापोळी जास्त, असा नियम केल्यापासून बंद.

तिसरी वाट कुडलची. दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते. संगमाकाठी संगमेश्वराचं मंदिर, आणि शेजारी साडेतीनशेच्या वर मुखं कोरलेलं शिवलिंग. पोरं मुखं मोजायला बसतात आणि शंभराच्या आसपास भांडायला लागतात. पण माझी आवडती जागा वर, तुळईवर आहे. तिथं शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. 'वाछि तो विजेया होईवा', जो वाचेल तो विजयी होईल. इंग्रजी शाळेतली पोरं मान वर करून एकेक अक्षर लावत बसतात. एकदा एका आजोबांनी नातवाला विचारलं, "वाचलंस ना? मग आता गणितात काय पडतंय बघू."

कोरोनात गाडी आठ महिने शेडमध्ये. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भाजी विकली, हप्ते पुढे ढकलले. 2020 च्या ऑक्टोबरात भीमा-सीनेला पूर आला तेव्हा कुडलच्या वाटेवर चिखलाचा थर बसला. 2025 च्या सप्टेंबरात सीनेनं पुन्हा तेच केलं आणि सगळ्या सहली रद्द केल्या. नदीकाठची वाट पावसाळ्यात चालू ठेवायची की नाही, यावर घरात अजून वाद आहे. माझं मत नाही असं, बायकोचं मत आदल्या दिवशी गावात फोन करून ठरवावं असं. सध्या तिचं चालतं.

आमचं खरं अर्थकारण म्हणाल तर ते हुरड्यावर आहे. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी दाण्यात आली की चालणं दोन किलोमीटर आणि बसणं चार तास. आगटीत गोवऱ्यांचा आर, त्यात कणसं, आणि शेतातले आप्पा गरम कणीस तळहातावर चोळून हिरवे दाणे पुढ्यात टाकणार. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. सगळं तिथल्याच घरांतून येतं आणि पैसे त्याच दिवशी रोख देतो. उधारी ठेवली की दुसऱ्या वर्षी आगटी दुसऱ्याची पेटते. आज दोन गाड्या आहेत, हंगामात चार माणसं कामाला, आणि पावसाच्या भरवशावर नसलेले महिने निम्म्याहून जास्त. धबधब्याची बुकिंगं आगाऊ घेणं बंदच केलं. बोरी वाहायला लागली की शुक्रवारी मेसेज टाकतो, रविवारी निघतो. पाणीमहालात गर्दी असते म्हणून सकाळी साडेसातला आत आणि दहाच्या आत बाहेर. निसरड्या दगडावर सेल्फीला कुणी उतरलं तर मी ओरडतो, मग गिऱ्हाईक असो नाहीतर पाहुणा.

तरी जून उजाडला की फोन सुरू होतात. "ओ मालक, नळदुर्गला पाणी पडायलंय का?" मी सांगतो, नाही अजून, माळावर या. निम्मे येतात.

एक राहिलं. सुरुवातीच्या वर्षी एक साहेब दहा महिन्यांच्या बाळासाठी भारीतली बाबागाडी घेऊन आले. आदल्या रात्री पाऊस झालेला. मी सांगितलं, काळी माती आहे, राहू द्या. ते म्हणाले, चाकं मोठी आहेत. पन्नास पावलांत चारही चाकांचे लाडू झाले. पुढं जाईना, मागं येईना, आणि साहेबांच्या बुटांना किलो किलो माती. शेवटी सोबतच्या एका आजीनं ओढणीची झोळी बांधून बाळ काखेला घेतलं, ते सगळी वाट झोपून होतं. तेव्हापासून आमच्या गाडीत दोन जुनी सुती लुगडी कायम असतात. बाबागाडी ते "धुऊन ठेवा, नेतो" म्हणाले. बऱ्याच वेळा फोन केला, आले नाहीत. एक चाक मोडलंय, पण हुरड्याच्या दिवसांत गोवऱ्या वाहायला चांगली पडते.