शेवंड, आते आणि माझा रिपोर्ट

मे महिन्यात मालवणला आतेकडे गेलो तेव्हा खिशात कोलेस्टेरॉलचा ताजा रिपोर्ट होता. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२. बायकोने ठाण्यातूनच फर्मान सोडलं होतं, कोळंबी, शेवंड (आपला लॉबस्टर) बंद. आणि नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी आते बंदरावरून दोन जिवंत शेवंडी घेऊन आली, एकेक अर्ध्या किलोच्या आसपास.

जिवंत शेवंड हातात धरली की कर्र-कर्र आवाज करते. तोंडाने नाही, लांब मिशांचं बूड डोळ्यांखालच्या कवचावर घासून. विदेशी सिनेमातल्या लॉबस्टरसारख्या मोठ्या नांग्या आपल्या शेवंडीला नसतात. तिचं हत्यार म्हणजे या काटेरी मिशा आणि फटकन दुमडणारी शेपटी.

तीच मिशी आते साफ करायला वापरते. शेवंड थंड करून, मारून झाली की मिशीचा वीतभर तुकडा मोडायचा, शेपटीखालच्या भोकातून जाड बाजूने आत सारायचा, एक पीळ द्यायचा आणि ओढायचा. मिशीच्या काट्यांत अडकून काळा धागा, म्हणजे आतडं, अख्खा बाहेर येतो. मी ठाण्यात सुरीने चिरून अर्धं मांस वाया घालवायचो.

मी फ्रीजमधलं बटर काढलं, तर ओरडा बसला. "झिला, बटर नको हां. मगे शेवंड खाल्लंस काय आणि बटर खाल्लंस काय!" तिने हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ चोळलं, मोदकपात्रात वाफवलं. राखाडी-हिरवट कवच बघता बघता लालभडक झालं. तो रंग आधीपासून कवचात असतोच, पण एका प्रथिनाने बांधून ठेवलेला. उष्णतेने ते प्रथिन सुटतं आणि लाल उघडं पडतं. दहाव्या मिनिटाला आतेने झाकण काढलं. "आता ह्याच्यापुढे शिजयलंस तर रबर होतला."

मांस पांढरंशुभ्र, किंचित गोडसर, दोऱ्यादोऱ्यांनी सुटणारं. अर्ध्या किलोतून दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम निघालं असेल. मी रिपोर्ट आठवत खाल्लं.

परतल्यावर डॉक्टरांना कबुली दिली. ते हसले. शेवंडीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि जेमतेम दीड ग्रॅम चरबी. कोलेस्टेरॉल सत्तरेक मिलिग्रॅम, म्हणजे एका अंड्याच्या निम्म्याहूनही कमी. रक्तातलं एलडीएल वाढवायला ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संतृप्त चरबी जास्त कारणीभूत असते, म्हणजे लोणी, तूप, सायीचा सॉस. बी-१२ ची दिवसाची गरज एवढ्यात भागते, वर जस्त आणि सेलेनियम. बटर-गार्लिकची ऑर्डर दिली की मात्र हिशेब पालटतो. (आणि आपलं खोबऱ्याचं वाटपही काही साधू नाही. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३० ग्रॅमच्या आसपास संतृप्त चरबी असते. हे मी आतेला सांगितलेलं नाही.)

यूरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनी मात्र हात आखडता घ्यावा. आणि कोळंबीने ज्याच्या अंगावर गांधी येतात, त्याने शेवंडीची परीक्षा घेऊ नये, अ‍ॅलर्जी करणारं प्रथिन तेच असतं आणि शिजवून जात नाही. माझ्या भाच्याचे ओठ एकदा असे सुजले होते की लग्नातला फोटो अजून कोणी लावत नाही.

खरं सांगू का, निव्वळ तब्येतीसाठी शेवंड खाणं हा खिशाचा अपमान आहे. ओमेगा-३ हवं असेल तर बांगडा खा, कितीतरी स्वस्तात जास्त मिळतं. बड्या शेवंडी तर परदेशी जातात, आपल्या वाट्याला उरलेल्या येतात, त्याही सुरमईला गरीब ठरवणाऱ्या भावाने. शेवंड वर्षातून एकदा खायची, चवीसाठी, आणि खाताना रिपोर्टची भीती नको, एवढंच मला त्या दुपारी कळलं.

आतेने त्या सकाळी तिसरी शेवंड परत टोपलीत टाकली होती, हे मला नंतर समजलं. पोटाखाली केशरी अंड्यांचा झुबका होता. एका मादीच्या पोटी अशी लाखांनी अंडी असतात. निर्यातीसाठी २००३ पासून किमान वजनाचा नियम आहे, चिखलातल्या शेवंडीला ३०० ग्रॅम. मुंबईच्या बाजूची चपटी वाळूतली शेवंड १९९० च्या दशकात जवळजवळ संपली, हे आतेला माहीत असायचं कारण नाही. तिने कोळणीला एवढंच सांगितलं होतं, "पोरांची आवस ती. तिका दर्यात सोड, पैसे माझ्याकडसून घे."