लाइट गेली तेव्हा फ्लॅश अर्धी लिहून झाली होती

तुर्भ्याच्या फळबाजारात मे महिन्यात रायपनिंग चेंबरचा, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीचा, कंट्रोलर बंद करू द्यायला कुणी तयार नसतं, आणि ते बरोबरच आहे. आत हापूस भरलेला असतो. पिकताना आंबा उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा वायू १ टक्क्याच्या वर साचला की पिकणं रेंगाळतं. तापमान, पिकवणाऱ्या इथिलीन वायूचा डोस, एक्झॉस्ट, सगळं आमचा कंट्रोलर बघतो. पण सेन्सर नव्या मॉडेलचा बसवला होता आणि जुन्या फर्मवेअरला, म्हणजे कंट्रोलरच्या आतल्या प्रोग्रामला, त्याचं रीडिंग घेता येत नव्हतं. अपडेट करणं भागच होतं.

अपडेट मेमरी कार्डवरून करायचं होतं. ऑपरेटरकाकांनी नवं कोरं ६४ जीबीचं कार्ड आणून ठेवलं होतं. ते बाजूला ठेवावं लागलं, कारण ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि आमचा बूटलोडर, म्हणजे चालू होताच आधी धावणारा आणि नवं फर्मवेअर लिहिणारा छोटा प्रोग्राम, फक्त जुनी फॅट३२ पद्धत वाचतो. माझ्याजवळचं ८ जीबीचं लावलं.

आतला पंखा बायपासवर, म्हणजे कंट्रोलरला वगळून थेट विजेवर, घेतला. इथिलीनची काळजी नव्हती. रीसेटनंतर रिले (विजेवर चालणारे स्विच) सुटतात आणि इथिलीनचा व्हॉल्व्ह बंदच राहतो. एलईडी लुकलुकायला लागला, जुनं फर्मवेअर पुसलं गेलं, नवं लिहायला सुरुवात झाली आणि गाळ्यातली लाइट गेली.

"मॅडम, आता हे बाद झालं का?" काकांचा आवाज उतरला होता. आत शेठचा माल होता, त्यांची भीती रास्त होती.

"नाही काका. लाइट येऊ द्या," मी म्हटलं, आणि ते धीर द्यायला म्हटलेलं नव्हतं.

आमची चिप एसटीएम३२ एफ४ मालिकेतली. तिची फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी, सेक्टर नावाच्या तुकड्यांत विभागलेली असते. १६ केबीचे पहिले दोन सेक्टर बूटलोडरचे. त्यांना राइट प्रोटेक्शन असतं, अपडेट त्यांना हात लावत नाही. त्यांच्यापुढे ॲप्लिकेशन, म्हणजे चेंबर चालवणारा मुख्य प्रोग्राम. त्याच्या पहिल्या चार बाइटमध्ये स्टॅकचा (प्रोग्रामच्या रॅममधल्या कामचलाऊ जागेचा) पत्ता असतो, पुढच्या चारमध्ये कोड कुठून सुरू करायचा तो पत्ता. पुष्कळ बूटलोडर हे सुरुवातीलाच लिहून टाकतात. मधे वीज गेली तर पुढच्या वेळी स्टॅकचा पत्ता ठीक दिसतो, बूटलोडर अर्धवट कोडमध्ये उडी मारतो आणि यंत्र अडकतं. मग पॅनेल खोलून प्रोग्रामर (चिपमध्ये थेट कोड लिहायचं उपकरण) जोडण्यावाचून इलाज नाही. आमच्या टीमच्या सरांनी हट्ट धरून क्रम उलटा करायला लावला होता: ॲप्लिकेशनचा पहिला सेक्टर सर्वांत आधी पुसायचा, बाकीचं सगळं लिहायचं, सीआरसी (लिहिलेलं बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) जुळवायचा आणि ते पहिले आठ बाइट अगदी शेवटी लिहायचे. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळे बिट १ असतात. तो रॅममधला पत्ता असूच शकत नाही, म्हणून बूटलोडर उडी मारत नाही. बूटलोडिंगमध्ये मला याहून महत्त्वाचं काही वाटत नाही. त्यासाठी जादा चिप लागत नाही, जादा मेमरी लागत नाही, फक्त क्रम पाळावा लागतो.

जनरेटर सुरू झाला. बूटलोडरने ॲप्लिकेशन तपासलं, उडी मारली नाही, कार्ड वाचलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. सीआरसी जुळला. डिस्प्लेवर कार्बन डायऑक्साइडचा आकडा आला, लगोलग एक्झॉस्टही सुरू झाला.

शेजारच्या चेंबरचं अपडेट काकांनी स्वतः केलं. कार्ड लावण्याआधी त्यांनी पंखा बायपासवर घेतला, मला सांगावं लागलं नाही.