शिंगाची पट्टी

गेल्या रविवारी धनुष्याच्या टोकावर मी चिकटवलेली शिंगाची पट्टी सुटली. धनुष्य कसं वाकतं ते बघायच्या भिंतीवरच्या फळीवर ते चढवलं होतं, कप्पीची दोरी मी लांब उभा राहून ओढत होतो. दोरी २६ इंचांवर आली आणि टाक्कन आवाज झाला आणि शिंगाचा तुकडा उडून छपराच्या पत्र्याला लागला. धनुष्य ज्या मुलीचं, ती आणि तिचे वडील तिथेच स्टुलावर बसले होते. वडील म्हणाले, “अहो, हे असं होतं का?” मी म्हटलं, “नाही होत.” पुढे काय बोलावं सुचेना.

इंदूरला माझं पोटापाण्याचं काम दारं-खिडक्यांचं. धनुष्यं वर्षाला सात-आठ. हे मीच केलेलं, पोटाला, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला, धामणीचं लाकूड, पाठीला बांबूची चीप, ओढ ३२ पाउंड. आधी त्यावर डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरची दोरी होती. ती जरा ताणते, लाकडाला सांभाळून घेते. वडिलांनी व्हिडिओ बघून डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याची बारीक दोरी मागवली. ती ताणत नाही, त्यामुळे बाण सुटला की सगळा हिसका टोकाला दोरी अडकवायच्या खाचेवर येतो आणि नुसत्या लाकडात दोरी रुतत जाते. हल्ली वेग सगळ्यांना हवा, टोकांचं काय ते विचारायला कुणी येत नाही. हे आले, एवढं तरी केलं. शिवाय टोकं बारीक हवी होती, हलकं टोक चपळाईनं परततं म्हणून. तेही खरंच आहे. मी लाकडातली जुनी खाच जवळजवळ घासून काढली आणि दोरीचा भार नव्या पट्टीवर टाकला. आता वाटतं, तिथे जरा हात आखडायला हवा होता.

पट्टी म्हशीच्या शिंगाची. उत्तर प्रदेशातल्या संभलकडच्या शिंगकामातले उरलेले तुकडे मी जमवून ठेवतो. २ इंच लांब, ८ मिलिमीटर जाड. मशीनवर धरलं तर केस जळल्याचा वास दुकानभर होतो, म्हणून कानसच. आतल्या बाजूचं टोक उतरतं करत कागदाइतकं पातळ करायचं. धनुष्य वाकतं, जाड शिंग वाकत नाही. तिथे पायरी राहिली की सांधा तिथूनच उघडतो. बांबूची चकचकीत साल तेवढ्या जागी खरवडायची, तिच्यावर काही धरत नाही. मग ८० नंबरच्या पेपरनं चरे पाडायचे आणि ॲसिटोननं पुसायचं, कारण शिंग अंगचंच ओशट.

यानंतरचं माझं काम बघायला पोरं हातातलं टाकून येतात. पट्टी टोकावर कोरडीच बसवून ट्यूबलाइटसमोर धरतो. केसाएवढा उजेड दिसला तरी पुन्हा घासायला घेतो. पाऊण तास गेला तरी चालेल. मग एपॉक्सी गोंद समसमान, पट्टी सरकू नये म्हणून त्यात मिठाचे चार कण, आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, बेतानं. क्लॅम्प करकचून आवळणारे पुष्कळ पाहिले. सगळी एपॉक्सी बाहेर काढतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. दुसऱ्या दिवशी ४ मिलिमीटरच्या गोल कानशीनं दोन्ही अंगांना ४५ अंशांत खाच, आणि कडा इतक्या गुळगुळीत की त्यावरून रेशमाचा धागा अडकू नये.

पट्टी उडाली तशी मी पहिली तोफ हाताखालच्या पोराच्या दिशेनं वळवली. झाबुआकडचा आहे, ॲसिटोनचं काम त्याच्याकडे. गिऱ्हाइकासमोर विचारलं, नीट पुसलं होतंस का? तो म्हणाला, “पोंछा था काका, आपके सामने.” ती दोघं गेल्यावर हळूच म्हणाला, “हमारे दादा के धनुष में तो ये लगता ही नहीं था.” बरोबर आहे. त्यांच्याकडे धनुष्य बांबूचं आणि दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची. पण ते ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

संध्याकाळी दिव्याखाली बसलो. मिसळून उरलेल्या एपॉक्सीचा गोळा मी नेहमी ठेवतो. त्यात नख रुतेना. म्हणजे मिश्रण ठीक. बांबूवर थर अखंड होता, म्हणजे दाबही ठीक. सुटली होती ती शिंगाच्या बाजूनं. शिंगावर ठिकठिकाणी एपॉक्सीचे कण धरून राहिलेले, फक्त पातळ टोकाच्या अलीकडे एक लंबगोल डाग साफ, ओशट चकाकणारा. त्यावर अंगठा टेकवला. बरोब्बर मावला.

पुसून झाल्यावर पोरानं पट्टी कोऱ्या कागदावर ठेवली होती. उजेडात धरायला उचलली मी. पण दुसऱ्या टोकाचीही मीच उचलली होती. तिला लाकडी हातोड्यानं ठोकून पाहिलं, हलेना. शेवटी पटाशी लावली तेव्हा शिंगाच्याच ढलप्या निघाल्या, सांधा जागचा हलला नाही.

काल दोन्ही नव्यानं बसवल्या. आधी उजेड, मग ॲसिटोन. पुसायचं काम पोराचंच. मी हात मागे बांधून उभा होतो. एकदा त्यानं माझ्याकडे पाहिलं. अंगठ्याचं त्याला अजून सांगितलेलं नाही.